उसन्या आवाजांना त्यांची नावे मिळावीत

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या हॉलिवूड चित्रपटांविषयी मराठी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत जे लेखन येते, ते मी आस्थेने वाचते. दिग्दर्शक, कॅमेरामन, संगीतकार, प्रसंगी वेशभूषाकारसुद्धा, अशा अनेकांची दखल या लेखांत घेतलेली असते. एक वर्ग मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी सुटतो. पडद्यावरच्या नटनट्यांसाठी ज्यांनी गाणी म्हटली, पण ज्यांचे नाव त्या पडद्यावर कधी झळकले नाही, अशा गायक-गायिकांचा हा वर्ग आहे. अमुक नटीने हे गाणे फार गोड म्हटले आहे, असे वाक्य आपण वाचतो आणि पुढे जातो; पुष्कळदा तो आवाज त्या नटीचा नसतोच. पार्श्वगायकाचे नाव नटाच्या बरोबरीने घेण्याची सवय असलेल्या आपल्या वाचकांना येथे शंका येत नाही, कारण पाश्चात्त्य चित्रपटांतले नट आपली गाणी स्वतःच गातात असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो समज किती अपुरा आहे आणि त्यामुळे कोणावर अन्याय होतो, हे थोडे विस्ताराने मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

उदाहरणे मी मुख्यतः वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार आणि बंदुकधाऱ्यांच्या चित्रपटांतून घेणार आहे. संगीतिकेत आवाज उसना असू शकतो हे जाणकारांना निदान ऐकून तरी माहीत असते. वेस्टर्नचे तसे नाही. उघडे माळरान, एकटा माणूस, मोजके बोलणे आणि पोकळ दिखाव्याबद्दलचा तिटकारा यांवर हा चित्रप्रकार उभा आहे, आणि त्यातला नायक गाऊ लागला की ते गाणे त्याच्या स्वभावातूनच आले आहे असे आपण मानतो. नेमका याच चित्रप्रकारात, आणि तोही त्याच्या सर्वांत प्रसिद्ध नायकाच्या बाबतीत, उसना आवाज वापरला गेला होता.

हा नायक म्हणजे जॉन वेन. 1933 साली 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' हा चित्रपट आला. लोन स्टार या निर्मितिसंस्थेने कमी खर्चात काढलेल्या आणि मोनोग्रामने वितरित केलेल्या चित्रमालिकेतला तो पहिला चित्रपट होता. रॉबर्ट एन. ब्रॅडबरी यांचे दिग्दर्शन असलेल्या या चित्रपटात वेनने सिंगिंग सँडी साँडर्स नावाची भूमिका केली आहे. पाण्याच्या हक्कावरून शेतकऱ्यांना नाडणाऱ्या एका धनदांडग्याचा बंदोबस्त करण्यासाठी आलेला हा सरकारी गुप्तहेर पहिल्याच दृश्यात घोड्यावर बसून, गिटार छेडत, गात येतो. पुढे बंदुकीच्या द्वंद्वासाठी गावाच्या रस्त्यावरून चालत जातानाही तो गातो, आणि ते गाणे रक्तपाताची भविष्यवाणी करणारे आहे. प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने संथ पावले टाकणारा, ओठांवर मृत्यूचे गाणे असलेला हा तरुण वेन पाहताना अंगावर काटा येतो, असे मी मनापासून म्हणते. चित्रपट साधा आहे, त्यातले अनेक प्रसंग घाईने उरकलेले आहेत. पण ही चाल आणि हे गाणे यांत पुढच्या काळातल्या मोठ्या वेस्टर्न चित्रपटांची बीजे मला दिसतात.

त्या प्रसंगाचा निम्मा भार आवाजावर आहे, आणि तो आवाज वेनचा नाही. वेन बोलतो तेव्हा त्याचा आवाज तरुण, किंचित अनुनासिक आणि अघळपघळ वाटतो. गाणे सुरू होताच तो एकदम खर्जात उतरतो, शब्द जड आणि सावकाश होतात. हा बदल इतका स्पष्ट आहे की कान जरा सावध ठेवला तर कोणालाही तो ओळखता यावा. मग गायले कोण? आज बहुतेक अभ्यासक दिग्दर्शक ब्रॅडबरी यांचा मुलगा बिल ब्रॅडबरी याचे नाव घेतात. वेस्टर्नचा दुसरा लोकप्रिय नायक बॉब स्टील याचा हा जुळा भाऊ. लहानपणी या दोघांनी वडिलांच्या लघुपटांत एकत्र कामही केले होते. परंतु दीर्घ काळ या आवाजासाठी नृत्यवाद्यवृंदाचा गायक स्मिथ बॅल्यू याचे नाव सांगितले जात असे, आणि आजही काही ठिकाणी ते छापले जाते. दोन माणसे, दोन निरनिराळे गळे, आणि गाणे एकच. श्रेयनामावलीत एक ओळ घातली असती तर हा वाद निर्माण होण्याचे कारणच नव्हते. नाव न लिहिण्याचा परिणाम केवळ त्या गायकाच्या मानापमानापुरता राहत नाही, चित्रपटाच्या इतिहासालाच त्यामुळे भोक पडते, हे मला येथे प्रकर्षाने जाणवते.

याच चित्रमालिकेत वेनने आणखी एका माणसाकडून उसने घेतले होते, आणि त्याची तुलना येथे फार उद्बोधक आहे. धावत्या घोड्यावरून पडणे, एका घोड्यावरून दुसऱ्यावर झेप घेणे, अशी जीवघेणी कामे वेनच्या ऐवजी याकिमा कनट करीत असे. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'मध्ये तो आहे, आणि 1939 च्या 'स्टेजकोच'मध्ये धावत्या घोड्यांच्या पायांमध्ये पडून गाडीखालून निघण्याचा जो प्रसंग आज चित्रपट-शिक्षणात दाखवला जातो, तोही त्याचाच. साहसदृश्ये करणाऱ्यांची नावेसुद्धा त्या काळी पडद्यावर येत नसत. पण हळूहळू लिहिणाऱ्यांनी, अभ्यासकांनी आणि खुद्द चित्रपट-व्यवसायाने कनटचे ऋण मोकळेपणाने मान्य केले आणि 1966 या वर्षासाठीचा मानद ऑस्कर त्याला देण्यात आला. त्याचे नाव कळल्याने वेनची उंची तसूभरही कमी झाली नाही. शरीर उसने देणाऱ्याला जे मिळाले, ते गळा उसना देणाऱ्याला का मिळू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला अजून कोणाकडून मिळालेले नाही.

सँडीचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. सार्वजनिक कार्यक्रमांत लोक वेनला त्याच्या चित्रपटातले गाणे म्हणायचा आग्रह करू लागले, आणि त्याला ते म्हणता येईना. 'द मॅन फ्रॉम यूटा'सारख्या पुढच्या काही चित्रपटांतही त्याच्या तोंडी उसने गाणे आले, पण गाणारा काउबॉय ही भूमिका त्याला नकोशी झाली होती. ती जागा खऱ्या गायकांनी घेतली. जीन ऑट्री रेडिओ आणि ध्वनिमुद्रिकांवर आधीच लोकप्रिय होता. 1935 च्या 'टंबलिंग टंबलवीड्स'पासून तो रिपब्लिक कंपनीचा आधारस्तंभ झाला. 'सन्स ऑफ द पायोनियर्स' या गायकसंचातून आलेला रॉय रॉजर्स 1938 मध्ये नायक झाला, आणि टेक्सासची जुनी गाणी घेऊन टेक्स रिटर आला. हे तिघेही आपल्याच आवाजात गात. गाणाऱ्या काउबॉयची जी लाट 1930 आणि 1940 च्या दशकांत उसळली, तिच्या अगदी उगमाशी मात्र एक न गाणारा नट आणि एक न दिसणारा गायक उभे आहेत.

आवाज बदलण्याची ही पद्धत बोलपटाइतकीच जुनी आहे. 1929 मध्ये 'वीअरी रिव्हर' नावाच्या चित्रपटात रिचर्ड बार्थेलमेस हा मूकपटांचा मोठा नट तुरुंगातून सुटलेल्या गायकाच्या भूमिकेत दिसला. गाणी जॉनी मरे याने म्हटली होती आणि पियानो फ्रँक चर्चिल याने वाजवला होता. हे उघड झाले तेव्हा प्रेक्षकांत नाराजी पसरली आणि 'फोटोप्ले' मासिकाने त्याच वर्षी आवाजांच्या या अदलाबदलीवर लेखही छापला. यातून स्टुडिओंना दोन गोष्टींपैकी एक शिकता आली असती: नाव उघड करणे, किंवा गुपित अधिक काळजीने सांभाळणे. त्यांनी दुसरी निवडली.

त्यामागची व्यवस्था समजून घेतली पाहिजे. नट महिन्याच्या किंवा वर्षांच्या कराराने स्टुडिओला बांधलेले असत; भूमिका कोणाला द्यायची ते चेहरा, लोकप्रियता आणि करारातली उपलब्धता यांवर ठरे, आणि गळ्याचा प्रश्न त्यानंतर येई. गाणे आधी ध्वनिमुद्रण-कक्षात वाद्यवृंदासह मुद्रित होई, चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्याने वाजवले जाई आणि नट त्यावर ओठ हलवीत असे. नट स्वतः गाणारा असला तरी बहुधा हीच पद्धत असे, त्यामुळे पडद्यावर दिसणारे गाणे आणि ऐकू येणारे गाणे हे दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोल्यांत घडलेले असे. एकदा ही फारकत मान्य झाली की मध्ये दुसरा गळा आणून बसवणे तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपे होते. स्टुडिओच्या हिशेबात तो रंगभूषेसारखाच एक खर्च होता आणि रंगभूषेने केस कसे बदलले हे प्रेक्षकाला सांगण्याची गरज कोणाला वाटत नव्हती. माझा आक्षेप या हिशेबाला आहे. गायिका श्वास कुठे घेते, शब्द कुठे मोडते, कोणत्या स्वरावर रेंगाळते, यांतून पात्राचे मन घडत असते. ती अभिनयाची निम्मी बाजू आहे.

1946 चा 'द हार्वे गर्ल्स' हा चित्रपट याबाबत मला सर्वांत बोलका वाटतो. सांता फे रेल्वेमार्गावरच्या फ्रेड हार्वे यांच्या उपाहारगृहांत काम करण्यासाठी पश्चिमेकडे गेलेल्या मुलींची ही कथा आहे. ज्यूडी गार्लंड यात आपल्या आवाजात गाते. तिच्या विरोधात उभी असलेली, दारूच्या गुत्त्यात गाणारी एम ही भूमिका अँजेला लॅन्सबरी हिने केली आहे, आणि तिचे गाणे व्हर्जिनिया रीस हिने म्हटले आहे. लॅन्सबरीला गाता येत नव्हते असे कोणी समजू नये. आदल्याच वर्षी 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'मध्ये तिने स्वतः गायलेले साधे, हळवे गाणे आजही ऐकावेसे वाटते, आणि त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचे नामांकनही मिळाले होते. पुढे हीच लॅन्सबरी ब्रॉडवेवर गेली, 1966 मध्ये 'मेम'ने आणि 1979 मध्ये 'स्वीनी टॉड'ने तिथे गाजली, आणि दोन्ही भूमिकांसाठी तिला टोनी पुरस्कार मिळाला. म्हणजे ज्या बाईच्या गळ्याला अमेरिकन रंगभूमीने पुढे डोक्यावर घेतले, तिच्याच तोंडी हॉलिवूडने दुसरीचा गळा बसवला. 'द हार्वे गर्ल्स' पाहून लॅन्सबरीच्या गाण्याविषयी जो कोणी मत बनवील, चांगले असो वा वाईट, ते चुकीच्या व्यक्तीविषयीचे मत असेल. रीसचे नाव न लिहिल्याने दोघींचेही नुकसान होते, ते असे.

त्याच चित्रपटात गार्लंड, व्हर्जिनिया ओब्रायन आणि सिड चॅरिस या तिघी मिळून एक गाणे म्हणतात. नव्या जगात पाऊल टाकताना वाटणारी भीती आणि एकटेपणा त्या गाण्यात आहे. पहिल्या दोघींचे आवाज त्यांचे स्वतःचे आहेत. चॅरिसचा मात्र मॅरियन डोएंजेस हिचा. चॅरिस ही विलक्षण नर्तकी होती आणि गाणे हा तिचा प्रांत नव्हता, त्यामुळे येथे आवाज उसना घेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. मात्र तीन मैत्रिणींच्या या गाण्यात चौथी एक स्त्री आहे, आणि तिला या गाण्यातून वगळून त्याचे रसग्रहण करता येत नाही. या चित्रपटातल्या रेल्वेच्या गाण्याला ऑस्कर मिळाला आणि संगीतकार हॅरी वॉरन व गीतकार जॉनी मर्सर यांची नावे सन्मानाने नोंदवली गेली. ते योग्यच झाले. त्या नोंदींत डोएंजेस आणि रीस यांच्यासाठी मात्र रकानाच नव्हता.

पुरुषांतही अशी उदाहरणे आहेत. 1954 च्या 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स'मध्ये ओरेगनच्या डोंगरात बर्फाने कोंडलेले भाऊ लाकडे तोडत विरहाचे गाणे म्हणतात. कुऱ्हाडीचे घाव आणि नर्तकांच्या हालचाली एका तालात बांधलेला हा प्रसंग आजही नृत्यदिग्दर्शनाचा आदर्श म्हणून सांगितला जातो, आणि तसे सांगताना मायकेल किड यांचे नाव हमखास येते. त्यात केलेबची भूमिका करणारा मॅट मॅटॉक्स हा उत्तम नर्तक होता. त्याच्या तोंडचा आवाज बिल ली याचा. मेलोमेन नावाच्या चौकडीत गाणारा हा बिल ली हॉलिवूडच्या पडद्यावर वर्षानुवर्षे ऐकू येत राहिला. 1958 च्या 'साउथ पॅसिफिक'मध्ये जॉन केरसाठी तो गायला, आणि 1965 च्या 'द साउंड ऑफ म्युझिक'मध्ये क्रिस्तोफर प्लमरसाठीही तोच. जगभरच्या असंख्य घरांत ज्याचा आवाज पोहोचला, अशा या माणसाचे नाव किती जणांना ठाऊक असेल, याचा विचार आला की मन खट्टू होते.

आता 1969 च्या 'पेंट युअर वॅगन'कडे येते, कारण त्यात या प्रथेची आणखी एक बाजू उघडी पडते. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधावरच्या या संगीतमय वेस्टर्नमध्ये ली मार्विन आणि क्लिंट ईस्टवुड या दोघांनी, गाण्याची तालीम नसतानाही, आपापली गाणी स्वतः म्हटली. मार्विनचा तो खडबडीत, जमिनीवरून घसटत जाणारा आवाज लोकांना इतका आवडला की त्याचे गाणे 1970 मध्ये ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. चित्रपटातली नायिका जीन सीबर्ग हिचे गाणे मात्र अनिता गॉर्डन हिने म्हटले आहे. पुरुषांचे कच्चे सूर व्यक्तिमत्त्व म्हणून स्वीकारले गेले आणि स्त्रीच्या गळ्यात तेवढेच कच्चेपण चालले नाही, असे यावरून मला दिसते. 1964 च्या 'माय फेअर लेडी'तही हेच घडले. रेक्स हॅरिसन गाण्यापेक्षा तालात बोलतोच अधिक, आणि दरवेळी तो वेगळ्या ढंगाने म्हणे म्हणून त्याच्या अंगावर बिनतारी मायक्रोफोन बसवून चित्रीकरणाच्या वेळीच त्याचे ध्वनिमुद्रण करण्यात आले. एवढी सोय त्याच्यासाठी केली गेली. ऑड्री हेपबर्न हिने मात्र मेहनतीने तयारी करूनही तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सन हिच्या आवाजात ऐकू येतात. हा काही अटळ नियम होता असे मी म्हणणार नाही, कारण वर सांगितलेल्या, तरुण प्रेमिकांच्या भूमिकांतल्या पुरुषांचेही आवाज बदलले गेले आहेत. तरीही कणखर, रापलेल्या पुरुषाला जी सवलत मिळे, ती मिळालेली नायिका शोधावी लागते. वेस्टर्नमध्ये ती मार्लीन डीट्रिच हिला 1939 च्या 'डेस्ट्री राइड्स अगेन'मध्ये मिळाली, आणि तिच्या त्या बेपर्वा, अर्धवट बोललेल्या गाण्याने गुत्त्यातली गायिका कशी असावी याचा वस्तुपाठ घालून दिला. खरा आवाज ठेवल्याने चित्रपट श्रीमंत होतो, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

मार्नी निक्सन हिचा उल्लेख वर आला आहे, तेव्हा तिच्याविषयी दोन शब्द. ती वेस्टर्नची गायिका नव्हती, पण या सर्व अनामिकांची बाजू तिच्यामुळेच जगापुढे आली. 1956 च्या 'द किंग अँड आय'मध्ये डेबोरा केर हिच्यासाठी गाताना दोघी शेजारी उभ्या राहून तालीम करीत. कोणत्या शब्दावर बोलणे संपते आणि गाणे सुरू होते हे त्यांनी मिळून ठरवले होते, आणि म्हणूनच तिथे सांधा जाणवत नाही. हे गुपित फोडू नये अशी तंबी निक्सनला होती. केरनेच मोठ्या मनाने तिचे नाव पत्रकारांना सांगितले. 1961 च्या 'वेस्ट साइड स्टोरी'त याच्या उलट घडले. नॅटली वूड हिने आपल्याच ध्वनिमुद्रणावर चित्रीकरण केले होते, आणि नंतर निक्सनला त्या हललेल्या ओठांवर आपला आवाज नेमका बसवावा लागला. ध्वनिमुद्रिकेच्या विक्रीतला वाटा तिने मागितला तो नाकारला गेला, तेव्हा संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी स्वतःच्या मानधनातून पाव टक्का तिला दिला. पाव टक्का ही रक्कम म्हणून थोडी असेल, पण तुझा आवाज माझ्या संगीताचा भाग आहे अशी ती लेखी कबुली होती. अनिता गॉर्डन, व्हर्जिनिया रीस, मॅरियन डोएंजेस यांच्या वाट्याला अशी कबुली आली नाही.

हे सर्व कशासाठी उकरायचे, त्याने चित्रपटाची जादू नाहीशी होते, असे म्हणणारे रसिक मला भेटतात, आणि त्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे. परंतु माझा अनुभव वेगळा आहे. व्हर्जिनिया रीसचे नाव कळल्यापासून मी तो प्रसंग अधिक एकाग्रतेने पाहते. लॅन्सबरी खांदा कसा उडवते, ओठांच्या कडेला हसू कसे आणते, आणि ते सगळे दुसरीच्या श्वासावर किती अचूक बसवते, हे पूर्वी माझ्या लक्षातच आले नव्हते. दुसऱ्याच्या गाण्यावर ओठ हलवून ते आपले वाटायला लावणे हे अवघड काम आहे, आणि त्याचेही श्रेय नटाला तेव्हाच देता येते, जेव्हा आवाज कोणाचा हे आपल्याला ठाऊक असते. दुसऱ्या बाजूने, गायिकेलाही पडद्यावर न दिसणाऱ्या स्वतःच्या चेहऱ्याशिवाय, परक्या चेहऱ्याला शोभेल असे गावे लागते. आपले वैशिष्ट्य जपायचे आणि लपवायचेही. या दोन कलाकारांचा एकमेकांशी झालेला संवाद ऐकू येऊ लागला की गाणे दुप्पट अर्थपूर्ण होते.

ज्यांना स्वतः ऐकून पाहायचे असेल, त्यांनी संवाद संपून गाणे सुरू होण्याच्या क्षणाकडे लक्ष द्यावे. बोलण्याच्या आवाजामागे बहुधा सेटवरची किंवा मोकळ्या हवेची पोकळी असते, गाण्यामागे बंद खोलीची निकटता. पण ती खूण एकटी पुरेशी नाही, कारण स्वतः गाणाऱ्या नटाचे गाणेही खोलीतच मुद्रित झालेले असते. त्याहून विश्वासार्ह खुणा उच्चारांत सापडतात. स्वर किती रुंद उघडतात, शब्दाच्या शेवटची व्यंजने कितपत ठसठशीत येतात, प्रांतीय हेल गाण्यात टिकतो की विरतो, हे सहसा लपवता येत नाही. 1959 च्या 'रिओ ब्राव्हो'मध्ये तुरुंगाच्या खोलीत डीन मार्टिन आणि रिकी नेल्सन गातात तो प्रसंग तुलनेसाठी घ्यावा: दोघेही मुळात गायक, आवाज त्यांचेच, आणि आडवा पडून, डोळ्यांवर टोपी ओढून गाणाऱ्या मार्टिनचे बोलणे आणि गाणे एकाच आळसावलेल्या सुरात वाहते. तो ऐकून लगेच 'रायडर्स ऑफ डेस्टिनी' ऐकला तर मला काय म्हणायचे आहे ते क्षणात कळेल.

जुन्या चित्रपटांच्या मूळ श्रेयनामावलीत आज नवी नावे घुसडावीत, अशी माझी मागणी नाही. ती नामावली त्या काळाचा दस्तऐवज आहे, तिच्यातली गाळलेली नावेसुद्धा त्या दस्तऐवजाचा भाग आहेत, आणि तिला हात लावू नये असेच माझे मत आहे. नावे यायला हवीत ती चित्रपटाच्या सोबतच्या लेखनात: वृत्तपत्रातल्या परिचयात, चित्रपट-मंडळांच्या माहितीपत्रकात, चित्रपट घरबसल्या दाखवणाऱ्या सेवांच्या वर्णनात, आणि ध्वनिमुद्रिकांच्या नव्या आवृत्त्यांत. या शेवटच्या क्षेत्रात आशादायक काम होत आहे. 'द साउंड ऑफ म्युझिक'च्या 2023 च्या विस्तृत आवृत्तीत प्लमरने स्वतः गायलेली मूळ ध्वनिमुद्रणे प्रथमच प्रसिद्ध झाली, आणि त्यामुळे प्लमर व बिल ली या दोघांनाही त्यांच्या स्वतःच्या आवाजात ओळखण्याची सोय झाली.

आपल्या पुरवणीपुरती माझी विनंती अशी आहे की, जुन्या पाश्चात्त्य चित्रपटाचा परिचय छापताना कलाकारांच्या नावांखाली 'गाण्याचा आवाज' अशी एक ओळ ठेवावी. नट स्वतः गात असेल तर तसे लिहावे, कारण तीही माहितीच आहे. आवाज दुसऱ्याचा असेल तर त्याचे किंवा तिचे पूर्ण नाव द्यावे. जिथे अभ्यासकांत मतभेद आहेत, तिथे दोन्ही नावे देऊन मतभेद आहे असे सांगावे. 'रायडर्स ऑफ डेस्टिनी'साठी बिल ब्रॅडबरी आणि स्मिथ बॅल्यू या दोघांचा उल्लेख करणे एकाला गप्पपणे निवडण्यापेक्षा अधिक प्रामाणिक ठरेल. वेस्टर्न चित्रपटांवर पुढे कधी लेखमाला काढण्याचा आपला विचार झाला, तर त्यात याकिमा कनटवर एक लेख असेलच अशी माझी खात्री आहे. त्याच लेखमालेत एक पान व्हर्जिनिया रीस, मॅरियन डोएंजेस, अनिता गॉर्डन आणि बिल ली यांच्यासाठी राखून ठेवावे, अशी आग्रहाची विनंती करते.

आपली,
एक वाचक